रानाची आणि पाण्याची राखण

शेतात पीक उभे राहिले की त्याची राखण करावी लागते, हे खेड्यातल्या माणसाला सांगावयास नको. माळ्यावर बसून गोफण फिरवणारा कोणी नसेल तर पाखरे आणि रानडुकरे पिकाचा निकाल लावतात. परंतु ज्या पिकाची पेरणी कोणी केलेली नाही आणि ज्याचा सातबारा कोणाच्याही नावावर नाही, त्याची राखण कोणी करावयाची? समुद्रातला पापलेट, नदीतला महाशीर, जंगलातला वाघ, खाडीकाठची तिवरे, ही सगळी अशीच मालमत्ता आहे. म्हटले तर बिनमालकीची, म्हटले तर सर्वांच्या मालकीची. आणि जे सर्वांचे असते त्याच्याकडे बघायला बहुधा कोणालाच सवड नसते. म्हणून सरकारने कायदे केले, खाती उघडली, विद्यापीठांनी अभ्यासक्रम सुरू केले आणि ह्या राखणीसाठी पगारी माणसे नेमली.

आज त्या माणसांच्या कामाविषयी आणि त्या कामाकडे जाणाऱ्या वाटांविषयी थोडे बोलावयाचे आहे. श्रोत्यांमध्ये शिक्षक मंडळी आहेत, म्हणून हा विषय मुद्दाम घेतला. दहावीच्या वर्गात मुलांना विचारावे, पुढे काय होणार? डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, शिक्षक, तलाठी, अशी उत्तरे येतात. "मासे मोजण्याबद्दल सरकार पगार देते," असे सांगितले तर वर्गात हशा पिकेल. पण ती गोष्ट खरी आहे; आणि ज्याला ती दहावीतच कळली त्याला वाट सापडते, ज्याला पदवी हातात पडल्यावर कळते त्याला पुष्कळ दारे बंद झालेली दिसतात.

प्रथम एक समजूत दूर करावयास हवी. प्राण्यांवर माया असली म्हणजे हे काम जमते, असे अनेकांना वाटते. माया हवीच, पण माया आणि माहिती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीवाचून राखण कशी फसते आणि माहितीने कशी साधते, ह्याची तीन उदाहरणे पाहू. एक समुद्रातले, एक रानातले आणि एक नदीतले.

पापलेट आपल्या राज्याचा राज्यमासा आहे. २०२३ साली शासनाने तसे जाहीर केले. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबीही ठरवण्यात आली. त्याहून लहान मासा पकडावयाचा नाही. पापलेटाची ही लांबी १३५ मिलिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा बरीच कमी. आता कोणी विचारील, १३५ च का? शंभर का नाही, दोनशे का नाही? हा आकडा कोणी कचेरीत बसून काढत नाही. ससून गोदी, हर्णै, मिरकरवाडा अशा बंदरांवर होड्या लागल्या की मत्स्यशास्त्राचे कार्यकर्ते तेथे हजर असतात. टोपलीतला मासा घेऊन ते त्याची लांबी मोजतात, वजन करतात, पोट उघडून गाभोळी भरली आहे की नाही ते बघतात. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, एक लहान खडा असतो. झाडाच्या खोडात जशी वलये असतात तशी वाढीची वलये त्या खड्यावर उमटतात. तो खडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की माशाच्या वयाचा अंदाज येतो. असे हजारो मासे तपासले म्हणजे कळते की अमुक लांबीला पोहोचेपर्यंत ह्या जातीचा मासा अंडी घालण्याच्या वयात येत नाही. त्याआधीच तो जाळ्यात सापडला तर त्याने मागे काहीच ठेवलेले नसते. बियाण्यासाठी राखलेली कणसे दाणे भरण्याआधीच मोडून खाण्यासारखे ते झाले.

कोळी बांधवांना हे तत्त्व नवीन नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करावयाचा आणि मग होड्या लोटावयाच्या, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि पुष्कळ माशांचा विणीचा काळही तोच असतो. आज पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. महाराष्ट्रात ह्या सगळ्याला १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाचा आधार आहे. पण जाळ्याचा आस किती बारीक आहे, बंदीत कोणती नौका बाहेर पडली, टोपलीत लहान पापलेट किती, हे बंदरावर उभे राहून पाहणारा माणूस नसेल तर कायद्याचे पुस्तक कपाटातच राहते. तो माणूस म्हणजे मत्स्यव्यवसाय खात्याचा अधिकारी. त्याला शास्त्र ठाऊक हवे, कायदा ठाऊक हवा आणि ज्याच्या घरची चूल मासळीवर पेटते त्या माणसाशी नीट बोलताही यावयास हवे.

दुसरे उदाहरण वाघाचे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. त्या काळी वाघ मोजण्याची पद्धत पाऊलखुणांची होती. ओल्या मातीत पंजाचा ठसा दिसला की त्यावर काच ठेवून आकृती उतरवायची, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि ठशांवरून वाघ किती ते ठरवायचे. पद्धत सोपी होती, पण बेभरवशाची. एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा पडतो, रेतीत वेगळा पडतो. राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पाच्या नोंदीत वाघ होते. आणि २००५ साली उघड झाले की तेथे एकही वाघ उरलेला नाही. चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपवले होते आणि कागदावर मात्र ते जिवंत होते. देशभर खळबळ उडाली. चौकशी झाली, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि २००६ च्या गणनेपासून नवी पद्धत आली.

ह्या पद्धतीत वनरक्षक आपल्या बीटमधून ठरलेल्या वाटेने चालतो आणि ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे ह्यांची नोंद करतो. किती चितळे, किती सांबरे, किती नीलगाई दिसल्या तेही लिहितो, कारण भक्ष्य नसेल तर वाघ टिकत नाही. मग जंगलवाटांच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर आपोआप चालणारे कॅमेरे लावतात. दोन कशासाठी? वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्या अंगासारखे नसतात म्हणून. आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, त्यामुळे छायाचित्रावरून एकेक वाघ ओळखता येतो. ह्या पद्धतीने २००६ साली देशात सुमारे १,४११ वाघांचा अंदाज निघाला, महाराष्ट्रात १०३. २०२२ च्या गणनेत देशाचा अंदाज ३,६८२ वर गेला आणि महाराष्ट्राचा ४४४ वर. ह्या आकड्यांमागे देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ आहेत, तसाच चिखलदऱ्याच्या घाटात भल्या पहाटे वही घेऊन निघालेला बारावी शिकलेला वनरक्षकही आहे. त्याने नोंद चुकीची केली तर शास्त्रज्ञाचे गणित चुकते.

तिसरे उदाहरण जरा कडू आहे, पण शिकण्यासारखे आहे. सह्याद्रीच्या नद्यांत महाशीर नावाचा मोठा मासा असतो. धरणे झाली, नदीत सुरुंग लावून मासे मारण्याचे प्रकार वाढले आणि महाशीर कमी होऊ लागला. तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकात निळसर पराच्या महाशिराची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. मुंबई राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी ह्यांचा त्या कामात मोठा वाटा होता. लाखो पिल्ले तयार झाली आणि ती देशातल्या निरनिराळ्या पाण्यांत सोडण्यात आली. हे काम मोठेच होते. परंतु त्यातली काही पिल्ले दक्षिणेत कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा एक महाशीर आहे, पाठीला कुबड असलेला आणि केशरी पराचा. जगातल्या मोठ्या महाशिरांत त्याची गणना होते. बाहेरून आलेला पाहुणा तेथे फोफावला आणि घरचा मालक मागे पडत गेला. घरच्या महाशिराला निश्चित शास्त्रीय नाव मिळाले ते २०१८ साली, आणि त्याच सुमारास तो अतिसंकटग्रस्त ठरला. त्याच्या ऱ्हासाला धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग ही कारणे आहेतच. पण बाहेरून सोडलेला महाशीर हेही एक कारण शास्त्रज्ञ मानतात. पिल्ले सोडणाऱ्यांचा हेतू चांगला होता. कोणत्या नदीत कोणता मासा मूळचा आहे, ह्याची पुरती माहिती तेव्हा नव्हती.

म्हणून ह्या क्षेत्रात प्राण्याइतकेच त्याच्या अधिवासाला महत्त्व आले. अधिवास म्हणजे त्या जिवाचे घर, अंगण, विहीर आणि शेत, सगळे मिळून. खाडीकाठची तिवरे तोडली तर नुसती झाडे जात नाहीत. त्यांच्या मुळांच्या जाळीत वाढणारी कोळंबीची आणि माशांची पिल्ले जातात, आणि पुढे कोळ्याची टोपली रिकामी राहते. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबवण्याचा आदेश दिला आणि २०१२ साली वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. आता वनखात्याचा माणूस चिखलात उतरून झाडे लावतो आणि खेकडेपालनाविषयीही बोलतो. रान आणि पाणी ह्यांची खाती वेगळी असली, तरी भरतीचे पाणी काही खाती बघून आत येत नाही.

विदर्भातले उदाहरण घ्या. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांत बेशरमीची झुडपे माजली, गाळ साठला आणि मूळचे मासे कमी झाले. तेव्हा तेथील काही गावांत ढीवर समाजाच्या लोकांनी, विशेषतः बायांनी, बेशरम उपटून काढली आणि माशांना चारा व आडोसा देणाऱ्या मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची, हे ज्ञान जुन्या जाणत्यांजवळ होते. अभ्यासकांनी ते लिहून घेतले, पडताळून पाहिले आणि कामाला लावले. शिकलेला माणूस आणि जाणता माणूस एकत्र बसले म्हणजे काय होते, त्याचा हा दाखला आहे.

आता वाटांकडे वळू. मी त्या पायरीपायरीने सांगतो.

पहिली वाट वनरक्षकाची. २०२३ च्या भरतीत बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र ह्यांपैकी किमान एक विषय असणे आवश्यक होते. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी उत्तीर्ण असणे पुरेसे होते. म्हणजे कला शाखेच्या मुलाने भूगोल घेतला असेल तर हे दार त्याला उघडे आहे, आणि घेतला नसेल तर कदाचित बंद. एका विषयाच्या निवडीवर केवढे अवलंबून असते पाहा! लेखी परीक्षेखेरीज धावण्याची चाचणी असते: पुरुषांना ५ किलोमीटर, स्त्रियांना ३. शेतावर आणि डोंगरात वाढलेल्या मुलांना तिची भीती वाटू नये. निवड झाल्यावर वनप्रशिक्षण शाळेत शिक्षण होते. वनरक्षकाकडे एक नियतक्षेत्र असते, त्यालाच बीट म्हणतात. त्यातले पाणवठे, वणवे, तोड, शिकार, सगळ्यांचा पहिला जबाबदार तोच. पुढे बढतीने तो वनपाल आणि त्यानंतर वनक्षेत्रपालही होऊ शकतो.

दुसरी वाट बारावी विज्ञानानंतरच्या व्यावसायिक पदव्यांची. वनशास्त्राची चार वर्षांची पदवी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मिळते. मत्स्यशास्त्राची पदवीही चार वर्षांची. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. ते दापोलीच्या विद्यापीठाकडे. नागपूर आणि उदगीर येथील महाविद्यालये महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे. मराठवाड्यात समुद्र नाही, मग उदगीरला मत्स्यशास्त्र कशाला, असे वाटेल. पण तळी, धरणे आणि शेततळी ह्यांतही मासे असतातच! ह्या पदव्यांसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. मत्स्यशास्त्राकडे जाणाऱ्याने अकरावीतच जीवशास्त्र घ्यावे. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची. तिचा प्रवेश नीट परीक्षेतून होतो. जखमी बिबट्याला बेशुद्ध करणे, अनाथ बछड्यांची शुश्रूषा करणे, मेलेल्या वाघाच्या मृत्यूचे कारण शोधणे, ही कामे पशुवैद्याची. नागपूरजवळ गोरेवाड्याला वन्यप्राण्यांचे बचाव केंद्र आहे, आणि विद्यापीठाचे संशोधन व प्रशिक्षणाचे केंद्रही आहे.

तिसरी वाट साध्या विज्ञान पदवीची. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र किंवा भूशास्त्र घेऊन पदवीधर झालेला विद्यार्थी दोन मोठ्या परीक्षांना बसू शकतो. एक महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची वनसेवा परीक्षा. तिच्यातून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल निवडले जातात. दुसरी केंद्रीय लोकसेवा आयोगाची भारतीय वनसेवा परीक्षा. कृषी, वनशास्त्र, पशुवैद्यक आणि अभियांत्रिकीचे पदवीधरही तिला चालतात. ब्रिटिश अमदानीत १८६४ साली डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ देशाचा पहिला वनमहानिरीक्षक झाला, आणि आजची भारतीय वनसेवा १९६६ साली उभी राहिली. २०१३ पासून ह्या सेवेची पूर्वपरीक्षा आयएएसच्या पूर्वपरीक्षेबरोबरच होते. पुढे दोन ऐच्छिक विषय, मुलाखत आणि चालण्याची चाचणी: चार तासांत पुरुषांनी २५ किलोमीटर, स्त्रियांनी १४. प्रशिक्षण देहरादूनला. अर्थात जागा थोड्या आणि उमेदवार फार, हेही सांगितले पाहिजे. २०२४ च्या जाहिरातीत साऱ्या देशासाठी साधारण १५० जागा होत्या.

चौथी वाट संशोधनाची आणि अध्यापनाची. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ ची. तेथे वन्यजीवशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातही तसा अभ्यासक्रम आहे. मत्स्यशास्त्रासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ साली सुरू झाली. तिला १९८९ पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे आणि साऱ्या देशातून विद्यार्थी तेथे येतात. समुद्री माशांचे संशोधन करणारी केंद्रीय संस्था १९४७ साली निघाली. तिचे मुख्य ठाणे कोचीला असले तरी मुंबईत तिचे केंद्र आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण १९१६ पासून काम करते. त्याचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आहे. ह्या संस्थांत शास्त्रज्ञ म्हणून आणि विद्यापीठांत अध्यापक म्हणून जागा असतात. त्यासाठी पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट परीक्षा आणि बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट लागते. ही वाट लांबची आहे. मधली चार-सहा वर्षे प्रकल्पांवर कंत्राटी नेमणुकीत काढावी लागतात. प्रकल्प संपला की नेमणूक संपते. घरची ओढाताण असलेल्या मुलाने हे आधी समजून घ्यावे. त्याने आधी वनरक्षक किंवा वनक्षेत्रपाल व्हावे आणि शिक्षण पुढे चालू ठेवावे, ह्यात कमीपणा काही नाही.

कामाची कठीण बाजू लपवून उपयोग नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या पायी पाहणीवर असलेल्या एका वनरक्षक भगिनीचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती कुठल्या साहसासाठी गेली नव्हती. आपल्या बीटवर, आपल्या कामावर गेली होती. असे प्रसंग नित्याचे नसले, तरी वणवा, वाळूमाफिया, चोरटे शिकारी, कुटुंबापासून दूरची नेमणूक, हे रोजच्या वाट्याला येते. आणि सर्वांत अवघड काम जनावरांशी नसून माणसांशी असते. चंद्रपूरकडे वाघाने ज्याची गाय मारली, त्या शेतकऱ्यापुढे उभे राहून वाघाचे महत्त्व सांगणे सोपे नाही. तेथे आधी पंचनामा वेळेवर व्हावा लागतो, भरपाई वेळेवर मिळावी लागते, मग बोलणे. ज्या अधिकाऱ्याला गावाचे दुःख कळत नाही त्याच्या जंगलाला गाव साथ देत नाही.

येथेच खेड्यातल्या मुलाजवळ एक भांडवल आहे. ते शहरातल्या मुलाला पैसे मोजूनही मिळत नाही. त्याला पाऊलवाट कळते, वाऱ्याची दिशा कळते, कोणत्या डोहात मरळ असते, कोणत्या झाडावर धनेशाची ढोली आहे, हे ठाऊक असते. नावे ठाऊक असतात. मारुती चितमपल्ली ह्यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. सोलापुरात जन्मलेले, कोईमतूरच्या वनमहाविद्यालयात शिकलेले हे वनाधिकारी नवेगावात आणि मेळघाटात राहिले, आदिवासींकडून रानाचे शब्द शिकले आणि नोकरीत असताना व नंतरही लिहीत राहिले. पक्षिकोश, मत्स्यकोश अशी कामे त्यांनी केली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांनी आपल्या नोकरीतून मराठीला केवढे धन मिळवून दिले! त्यांच्यासारखे लिहिणे प्रत्येकाला साधेल असे नाही, पण एका बीटची चोख वही ठेवणे तर साधेल.

शिक्षक मंडळींना तीन विनंत्या करतो. पहिली अशी की, दहावीच्या निकालाआधी ह्या वाटांचा एक तक्ता करून शाळेच्या फळ्यावर लावा: कोणत्या कामाला कोणता विषय लागतो, कोणती परीक्षा असते. अटी वरचेवर बदलतात, म्हणून दर वर्षी चालू जाहिरात पाहून तो दुरुस्त करा. ज्या मुलाला झेपेल त्याला विज्ञान घ्यावयास सांगा. ज्याला कला शाखाच घ्यावयाची आहे त्याला निदान भूगोल सुचवा. दुसरी विनंती मुलींविषयी. वनखात्याच्या भरतीत स्त्रियांसाठी राखीव जागा असतात आणि आज अनेक बीटांवर स्त्रिया काम करीत आहेत. मुलीने रानात काय जायचे, हे वाक्य शाळेत तरी ऐकू येऊ नये. तिसरी विनंती अशी की, जैवविविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावयास हवी. पुष्कळ गावी ही नोंदवही कपाटात पडून असते. ती मागून घ्या. मुलांना ओढ्यावर, तळ्यावर, माळावर न्या. कोणता मासा, कोणते पाखरू, कोणते झाड, पूर्वी होते आता नाही असे काय, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहू द्या. तारीख, जागा आणि सांगणाऱ्याचे नाव लिहावयाची सवय लावा. आठवीतला मुलगा जे शिकेल तेच पुढे शास्त्रज्ञाला करावे लागते.

पालकांना इतकेच सांगावयाचे की, ह्या नोकऱ्या इतर सरकारी नोकऱ्यांसारख्याच आहेत. पगार आहे, बढती आहे, बदल्याही आहेत. वेगळे काही असेल तर ते एवढेच, की ह्या माणसाच्या दिवसभराच्या कामाचा हिशेब पुढच्या पिढीला लागतो. लहान पापलेट परत पाण्यात गेला की नाही, पाणवठ्यावर फास लागला होता तो काढला की नाही, तिवरांत भराव पडला तेव्हा तक्रार नोंदवली की नाही, हे त्या वेळी कोणी पाहत नाही. दहा वर्षांनी जाळे टाकणाऱ्याला ते कळते. यंदा दहावीला बसलेल्या आपल्या मुलामुलींपैकी एकदोघांनी जरी हे काम पत्करले, तरी गावची नदी आणि गावचे रान ह्यांना आपले म्हणणारे माणूस मिळेल. त्यांना वेळेवर सांगणे तेवढे आपल्या हाती आहे.